चार अधिक सोळा

२०१८-१९ च्या सुमारास तीस-पस्तीस हजारांत मिळणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांच्या जाहिरातीत एक ओळ असायची : '४ जीबी रॅम + १६ जीबी ऑप्टेन मेमरी'. मधल्या त्या अधिक चिन्हाने पुष्कळ गिऱ्हाइकांची दिशाभूल केली. माणूस दुकानात उभ्या उभ्या बेरीज करायचा आणि वीस जीबीची मेमरी घेऊन घरी यायचा. शेजारच्या मशीनवर नुसतं '८ जीबी रॅम' लिहिलेलं असलं तर ते त्याला डावं वाटायचं. खरं तर ते सोळा जीबी रॅमच्या खात्यात धरायचेच नव्हते. हार्ड डिस्कचा संथपणा झाकण्यासाठी तिच्या जोडीला दिलेली ती एक छोटी, वेगवान चिप होती. अशा चिपला कॅश ड्राइव्ह म्हणतात.

ते लॅपटॉप छत्रपती संभाजीनगरात अजून चालू आहेत. कर सल्लागारांच्या टेबलांवर आहेत, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत आहेत, वाळूज-चिकलठाण्याच्या लहान कारखान्यांत माल आवक-जावक लिहायला आहेत. चालतात, पण जीव खातात. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली आणि इतके दिवस ढकललेला प्रश्न समोर आला : हे मशीन मोडीत काढायचं, की उघडून सुधारायचं?

या प्रश्नाच्या दोन बाजू मी दोन माणसांच्या तोंडी दिल्या आहेत. मामा जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरून देतात, समर्थनगरात त्यांची एका खोलीची कचेरी आहे. भाची उस्मानपुऱ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकते. माझा कल भाचीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र मामांचे दोन मुद्दे मला खोडून काढता आलेले नाहीत, आणि ते खोडण्याजोगे आहेत असंही मला वाटत नाही.

मामा : सकाळी बटण दाबतो, चहा होतो, पेपर चाळून होतो, तरी पडद्यावरचा गोल फिरतोच आहे. सात वर्षं झाली या मशीनला. आता नवीनच घेणार. जुन्यावर घातलेला पैसा मातीत जातो.

भाची : घ्या ना मामा. पण आधी सांगा, हळू काय चालायलंय?

मामा : लॅपटॉप हळू चालायलाय. अजून काय?

भाची : लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आहे, रॅम आहे, डिस्क आहे, पंखा आहे. यातलं कोण मागे पडतंय हे न बघता नवीन घेतला, तर तीच अडचण नव्यातही निघेल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा.

मामा : सीपीयू बारा टक्के. मेमरी बहात्तर. डिस्क शंभर टक्के. आणि मी अजून काही उघडलेलंच नाही!

भाची : म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्क धापा टाकायलीय. आता टॅली उघडा, ब्राउझर उघडा, जीएसटीचं पोर्टल आणि मेल लावा.

मामा : मेमरी त्र्याण्णव. डिस्क तशीच शंभर.

ही तपासणी प्रत्येकाने खर्चाआधी करावी, म्हणून जरा थांबून सांगतो. लॅपटॉप नव्याने सुरू करावा, दहा मिनिटं हात लावू नये आणि मग हे आकडे बघावेत. काहीही उघडलेलं नसताना डिस्क शंभरावर अडून राहत असेल तर पहिला संशय डिस्कवर घ्यावा. डिस्क आधी शांत असेल आणि चार खिडक्या उघडल्यावर मेमरी नव्वदीच्या पुढे जाऊन मगच डिस्क धावू लागत असेल, तर रॅम अपुरी आहे. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. त्यामुळे दुखणं रॅमचं असतं आणि कण्हते डिस्क. मामांच्या मशीनला दोन्ही दुखणी आहेत, आणि चार जीबी रॅम व हार्ड डिस्क असलेल्या बहुतेक मशीनची हीच कथा आहे.

मामा : पण डिस्क तर एक टीबीची आहे. निम्मीसुद्धा भरली नाही. ती का दमावी?

भाची : दमणं जागेवर नाही, फिरण्यावर आहे. तुमच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवा तो मजकूर डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि त्याआधी ते डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. असं धरलं तर ही डिस्क सेकंदाला विखुरलेल्या साठेक जागा गाठते, त्याहून फार नाही. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान तुकडे मागतं, आणि ते सगळे एका रांगेत मांडलेले नसतात.

मामा : आणि एसएसडी?

भाची : तिच्यात फिरणारं काही नाही. एक जागा गाठायला मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ लागतो. सिनेमाची एक मोठी सलग फाइल वाचायची असेल तर तुमची डिस्कही सेकंदाला शंभर एमबी देते, तिथे फरक इतका बोचत नाही. विखुरलेल्या कामात मात्र शेकडो पटींचा फरक पडतो.

मामा : मग ते सोळा जीबीचं ऑप्टेन कशासाठी दिलं होतं? दुकानदाराने तर मला वीस जीबी मेमरी म्हणून विकला.

भाची : वारंवार लागणारे तुकडे त्या चिपमध्ये ठेवायचे आणि डिस्कपर्यंत जायची वेळ शक्यतो येऊ द्यायची नाही, यासाठी.

मामा : म्हणजे आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं. जायकवाडीचं पाणी पन्नास किलोमीटरवरून येणार, नळाला काही दिवसांआड सुटणार. म्हणून टाकी. तोटी उघडली की टाकीतलं पाणी येतं, आपण धरणाची वाट बघत बसत नाही.

भाची : वाचण्यापुरतं बरोबर आहे. पण टाकीतलं पाणी वापरलं की संपतं. कॅशमध्ये असते ती नक्कल, मूळ मजकूर डिस्कवर तसाच असतो. कितीही वेळा वाचा, संपत नाही. लिहिताना मात्र उलटं होऊ शकतं. नवा मजकूर आधी चिपमध्ये जातो आणि सवडीने डिस्कवर उतरतो. मधल्या वेळात तुमची ताजी फाइल पूर्णपणे फक्त डिस्कवर नसते आणि फक्त चिपमध्येही नसते. दोन्ही मिळून एक ड्राइव्ह झालेला असतो. म्हणून ऑप्टेन आधी बंद न करता कुणी ती चिप उपसली, तर विंडोज उठत नाही. डेटाही जाऊ शकतो.

हे भाचीचं वाक्य जुना लॅपटॉप उघडायला निघालेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. ऑप्टेन लावलेल्या मशीनमध्ये आधी इंटेलच्या रॅपिड स्टोरेज किंवा ऑप्टेनच्या ॲपमध्ये जाऊन ते बंद करायचं असतं. मग मशीन पुन्हा सुरू करून, राहिलेला मजकूर डिस्कवर उतरल्याची खात्री करून, तेव्हाच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. घाईत हीच पायरी सुटते.

मामा : मग ही थूकपट्टीच झाली की. डिस्क धड द्यायची नाही आणि वर चिप चिकटवून द्यायची.

भाची : कॅशला नावं ठेवू नका मामा. अख्खा संगणक कॅशवर चालतो. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. मोठ्या संथ मेमरीपुढे एक छोटी वेगवान मेमरी ठेवायची. आयबीएमने १९६८ मध्ये सिस्टिम ३६० च्या मॉडेल ८५ मध्ये ती आणली. तुमच्या या आय-थ्री प्रोसेसरच्या पोटात चार एमबी कॅश आहे. ती काढली तर प्रोसेसर रॅमची वाट बघत बसेल. माणूस आणि प्रोग्राम, दोघंही आत्ता वापरलेली गोष्ट लगेच पुन्हा मागतात. कॅशचा सगळा डाव या सवयीवर उभा आहे.

मामा : प्रोसेसरचं ठीक आहे. मी माझ्या टेबलावरचं बोलतोय. महिनाभर न उघडलेल्या एखाद्या अशिलाची फाइल उघडली की हे मशीन पुन्हा पहिल्यासारखं अडतं.

भाची : कारण ती फाइल कॅशमध्ये नसते. सोळा जीबीत विंडोजचा बराच भाग बसतो, रोजचं टॅली बसतं. बाकीचे नऊशेच्या वर जीबी होते तिथेच, होते तितकेच संथ. आणि विंडोजचं मोठं अपडेट आलं की निम्म्या फाइली बदलतात, चिपमधल्या नकला जुन्या होतात. पुन्हा भरेपर्यंत परत रडगाणं.

मामांची तक्रार अनुभवातून आलेली आहे आणि भाचीचा सिद्धान्तही खरा आहे. दोघांचं एकत्र कसं बसतं, हे या वस्तूंचा इतिहास बघितला की कळतं. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर रेडीबूस्ट आलं. पेनड्राइव्ह लावा आणि त्याची कॅश करा, असा तो प्रकार होता. २०१० मध्ये सीगेटने मोमेंटस एक्सटी काढली. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कच्या पोटातच चार जीबी फ्लॅश मेमरी. २०११ मध्ये इंटेलने झेड ६८ चिपसेटबरोबर स्मार्ट रिस्पॉन्स आणलं आणि पुढच्या वर्षी कित्येक अल्ट्राबुकांत ५०० जीबीच्या डिस्कशेजारी २४ किंवा ३२ जीबीची कॅश एसएसडी दिसू लागली. एप्रिल २०१७ मध्ये १६ आणि ३२ जीबीचं ऑप्टेन बाजारात आलं. त्यातली थ्रीडी एक्सपॉइंट मेमरी इंटेल आणि मायक्रॉन यांनी मिळून तयार केली होती, आणि लहान तुकडे वाचण्यात ती साध्या एसएसडीलाही मागे टाकायची. जुलै २०२२ मध्ये इंटेलने हा सगळा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

पंधरा वर्षांत इतक्या वेळा एकच युक्ती नव्या नावाने आली, कारण अडचण एकच होती. मोठी एसएसडी परवडत नव्हती आणि 'एक टीबी' हा आकडा डब्यावर छापल्याशिवाय स्वस्त लॅपटॉप खपत नव्हता. कॅश ड्राइव्ह हे त्या काळच्या भावाला दिलेलं उत्तर होतं, आणि त्या काळापुरतं चांगलं उत्तर होतं. नंतर २५६ आणि ५१२ जीबीच्या एसएसडी आवाक्यात आल्या आणि त्या युक्तीचं प्रयोजन संपलं. चूक तंत्रज्ञाची नव्हती. चूक होती ती रॅम आणि कॅश यांच्यामध्ये अधिक चिन्ह घालून विकणाऱ्यांची, आणि ते मला आजही खटकतं. त्या चिन्हामुळे ज्यांनी आठ जीबी रॅमचं मशीन सोडून हे घेतलं, त्यांची सात वर्षं अडून अडून गेली.

भाची : म्हणून म्हणते, ऑप्टेनची चिप जिथे बसलीय तो एम डॉट टूचा स्लॉट आहे. ती काढायची आणि तिथे ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी बसवायची. विंडोज तिच्यावर टाकायचं. जुनी डिस्क साठवणीला राहू द्यायची.

मामा : कुठलीही एसएसडी बसते?

भाची : नाही. एम डॉट टू हा फक्त आकार झाला. काही स्लॉट साटा या जुन्या जोडणीचे असतात, काही एनव्हीएमई या वेगवान जोडणीचे, काही दोन्ही चालवून घेतात. लांबीही बघावी लागते, ४२ मिलिमीटर की ८० मिलिमीटर. ऑप्टेन एनव्हीएमईवर चालतं, म्हणून तुमच्याकडे ती शक्यता दांडगी आहे. तरी मॉडेल नंबर टाकून कंपनीचं दुरुस्तीचं मॅन्युअल बघूनच घ्यायची. आणि विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये डिस्कचा मोड ऑप्टेनवरून एएचसीआयवर आणायचा.

मामा : विंडोज अकरा चालेल का यावर?

भाची : तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, म्हणून चालेल. इंटेलमध्ये त्याच्या आधीच्या पिढ्यांना मायक्रोसॉफ्टने जवळजवळ दारच बंद केलंय. अकराला लागणारं टीपीएम हे सुरक्षेचं अंग बायोसमध्ये पीटीटी या नावाने सापडतं, ते चालू करावं लागेल. लायसन्सची काळजी नको, ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली तरी जात नाही.

मामा : विंडोजचं जात नाही, पण टॅलीचं? मागे एकाने फॉरमॅट मारला आणि दोन दिवस ॲक्टिव्हेशनच्या मागे गेले.

भाची : ते खरं आहे. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करायचं, मग नवीन विंडोजवर पुन्हा चालू करायचं. तुमच्या डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हरही पुन्हा टाकावे लागतील.

मामा : बघ, आता माझा मुद्दा ऐक. या डिस्कवर माझं काही नाही. लोकांचे पॅन आहेत, आधार आहेत, बँकेची पासबुकं आहेत, कुणाचं कर्ज, कुणाचा घटस्फोट. दुकानात लॅपटॉप दिला आणि 'संध्याकाळी घेऊन जा' म्हणाला, तर मधल्या चार तासांत त्या डिस्कची कोण नक्कल करतो, मला कसं कळणार? तू म्हणशील मी शंकेखोर आहे.

भाची : नाही म्हणणार.

मामा : आणि दुसरं. ही हार्ड डिस्क जायची वेळ आली की टकटक करते, अडते, महिनाभर आधी सांगते. माझ्या ओळखीच्याची एसएसडी एका सकाळी दिसेनाशीच झाली. डेटा काढून देणाऱ्यांनी हात वर केले. संथ का असेना, सांगून मरणारी वस्तू मला बरी.

हे ते दोन मुद्दे. अशिलांची माहिती हा या व्यवहारातला सगळ्यात महागडा भाग आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यापासून ही जबाबदारी नुसत्या भलेपणाची राहिलेली नाही. एसएसडीबद्दलही मामा बरोबर बोलतात. तिचा कंट्रोलर गेला की ती बहुधा आवाज न करता जाते, आणि पुसलेल्या फाइली ट्रिम नावाच्या व्यवस्थेमुळे काही क्षणांत खरोखरच पुसल्या जातात. हार्ड डिस्कवरून पुसलेलं परत मिळवायची जी सवय आपल्याला लागली आहे, ती इथे कामाला येत नाही. एसएसडी बसवून देणारे दुकानदार हे गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. सांगायला हवं.

भाची : दुकानात द्यायचंच नाही. मागचे स्क्रू काढायचे, बॅटरीची वायर आधी सोडवायची, चिप काढायची, नवीन तिरकी घालून दाबायची, एक स्क्रू लावायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्यासमोर इथे टेबलावर करते. आणि सांगून मरण्याबद्दल म्हणाल, तर बॅकअप ठेवायचा. तुमची जुनी एक टीबीची डिस्क त्यालाच ठेवू. रोज संध्याकाळी टॅलीचा डेटा आणि अशिलांचं फोल्डर तिच्यावर. आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर, आणि ती घरी.

मामा : सात वर्षांच्या डिस्कवर बॅकअप?

(इथे भाची जरा अडखळली, आणि ते योग्यच होतं.)

भाची : तिची स्मार्टची नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, आधी बघते. खराब सेक्टर दिसायला लागले असतील तर ती नको. बाहेरची नवीन घेऊ.

मामा : आणि ती जुनी मग भंगारात?

भाची : भंगारात नाही. साधा क्विक फॉरमॅट फक्त यादी पुसतो, मजकूर तसाच राहतो. पूर्ण फॉरमॅट मारला की विंडोज सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. एक टीबीला काही तास लागतात. ते करून मग ई-कचरा घेणाऱ्याकडे.

मामा : बरं, डिस्कचं समजलं. रॅमचं काय? चारची आठ करा म्हणशील. पण भाव बघितलेस का? गेल्या वर्षअखेरीपासून रॅम सोन्यासारखी चढली. मग तेवढेच पैसे नव्यात का घालू नयेत?

भाची : भाव चढलेत, खोटं नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त मिळतं, म्हणून कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. पण मामा, ती महागाई नव्या लॅपटॉपलाही लागते. त्यातही रॅम आणि एसएसडी असतेच की.

मामा : नव्यात निदान वॉरंटी मिळते.

भाची : मिळते. आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेलीही मिळते. स्वस्त आणि पातळ लॅपटॉपांत आठ जीबी ऑनबोर्ड, स्लॉट शून्य, असं सर्रास असतं. तीन वर्षांनी आठ कमी पडले तर काहीच करता येत नाही, पुन्हा नवीन. तुमच्या या जाड्या मशीनमध्ये एक स्लॉट रिकामा आहे. डीडीआर-फोरचं आठ जीबीचं एक मोड्यूल टाकलं की बारा होतील.

मामा : चार आणि आठ, जोडी विजोड नाही होत?

भाची : चालते. जुळ्या चार-चारमध्ये दोन्ही रस्ते सारखे चालतात. चार-आठमध्ये पहिल्या आठ जीबीपुरते दोन रस्ते, उरलेल्या चारला एक. तुमच्या कामाला तो फरक जाणवणारही नाही. फक्त डीडीआर-थ्री घेऊन येऊ नका, खाचच जुळत नाही. आणि ३२०० चं मोड्यूल मिळालं तरी घ्या, तुमचं मशीन ते २४०० वर चालवून घेईल.

मामा : सेकंडहँड मिळेल म्हणतात, निम्म्यात.

भाची : मिळेल. रॅमला झिजण्यासारखं काही नसतं. रात्रभर मेमटेस्ट लावून तपासली की झालं.

मामा : नको. बिल नसलेली वस्तू मी कचेरीत ठेवत नाही. मी दुसऱ्यांना बिल मागतो.

भाची : मग नवीन घ्या, पण आत्ता नको. आधी एसएसडी टाकू. पेजफाइलही तिच्यावर जाईल, म्हणजे रॅम भरली तरी आजच्यासारखं अडणार नाही. महिनाभर वापरा. मेमरी नव्वदीच्या पुढे जाऊन काम खोळंबतंय असं दिसलं, तर तेव्हा.

मामा : आणि पेजफाइलने ती एसएसडी झिजणार नाही?

भाची : झिजेल, पण हिशेब बघा. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर १५० टेराबाइट लिखाणाची हमी मिळते. रोज वीस जीबी लिहिलं तरी वीस वर्षं. अगदी स्वस्तातली घेऊ नका एवढंच. त्यांच्यातही एक कॅश असते. पहिले काही जीबी झरझर लिहितात, ती भरली की काही एसएसडींचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली येतो.

मामा : म्हणजे कॅश इथेही आलीच!

भाची : आलीच. फक्त तिच्या मागे काय आहे ते विचारून घ्यायचं.

एसएसडी आधी आणि रॅम मग, हा भाचीचा क्रम आजच्या भावात मला पटतो. भाव उतरलेले असते तर मी दोन्ही एकदमच करा म्हणालो असतो, कारण विंडोज अकराला चार जीबी पुरतात हे कागदावरच खरं आहे. आणि एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, धूळ बारमाही असते. सात वर्षांत एकदाही न उघडलेल्या लॅपटॉपच्या पंख्यामागे, तांब्याच्या जाळीवर, धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. त्याने प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. झाकण उघडणारच असाल तर तो थर ब्रशने काढावा. हा उपाय फुकट आहे आणि उन्हाळ्यात फरक पडतो.

नवीनच घ्यायचा असेल त्यांनी काय बघावं, यावर मामा-भाचीचं फारसं भांडण झालं नाही. रॅम सोल्डर केलेली आहे का, रिकामा स्लॉट किती, एसएसडी काढता येते की साठवणीची ईएमएमसी चिप बोर्डावरच चिकटवलेली आहे, हे दुकानदाराला विचारावं आणि त्याच्या उत्तरावर न थांबता मॉडेल नंबरवरून कंपनीच्या कागदपत्रांत बघावं. शहरातल्या विद्यार्थ्यांना आई-वडील कर्ज काढून लॅपटॉप घेऊन देतात. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तो दुसऱ्यांदा घेणं त्यांना झेपत नाही. म्हणून प्रोसेसरची पिढी एक मागची असली तरी चालेल, पण झाकणाखाली जागा असलेलं मशीन घ्यावं, असं मी त्यांना आग्रहाने सांगेन.

मामा : ठीक आहे. पण जुलै-सप्टेंबरच्या धांदलीत मी या मशीनला हात लावू देणार नाही. रिटर्नं संपल्यावर एखाद्या रविवारी कर.

भाची : शनिवारी रात्री बॅकअप घेऊन ठेवा. दोन ठिकाणी. टॅली सरेंडर करा. ऑप्टेन मी आल्यावर मीच बंद करते.

मामा : एसएसडी बिलासकट आणीन. स्लॉटचं मॅन्युअल तू आधी बघून मला लांबी कळव. आणि जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट होईपर्यंत या खोलीबाहेर जाणार नाही.

भाची : आणि रविवारी ती बसली नाही तर?

मामा : तर सोमवारी नवीन लॅपटॉप. स्लॉट असलेला.